बारशापासून मोजलेलं वय

डिसेंबर अर्धा सरला की जे. पी. नगरात आमच्या घराखालच्या रस्त्यावर अवरेकायचे ढीग पडू लागतात. बेळगावात, माझ्या माहेरी, ह्याच शेंगांना पावटा म्हणतात आणि पावट्याचं कुणी एवढं कौतुक करत नाही. बेंगळुरात मात्र त्याचा मोसम असतो, आपल्याकडे आंब्याचा असावा तसा. शेंगांवर दव पडलं की त्यांना एक उग्र, तेलकट वास येतो. इथली माणसं त्याला सोगडु म्हणतात आणि शेंग घेण्याआधी ती नाकाशी धरून वास आहे की नाही ते बघतात. लग्न होऊन ह्या गावात आले तेव्हा भाजी हुंगणारी माणसं बघून मला हसू आलं होतं. आता मीही हुंगते. नव्वदीला टेकले आहे, डोळ्यांनी नीट दिसत नाही, पण नाक अजून शाबूत आहे.

माझा नातू अनिकेत दाण्यांचं पाकीट आणतो. भिजवून, सालं काढून, अगदी पातेल्यात टाकायला तयार. "अज्जी, तुला त्रास नको," म्हणतो. पोरगं मायाळू आहे, म्हणून मी त्याला सांगत नाही की सोललेल्या दाण्याला वास राहत नाही. मी पाकीट घेते, आणि खाली बसणाऱ्या भाजीवालीकडून पावशेर शेंगा वेगळ्या मागवते. त्या सोलते, दाणे भिजत घालते आणि मग एकेक दाणा चिमटीत धरून दाबते. आतली डाळिंबी टुणकन बाहेर पडते आणि साल बोटात राहते. ह्याला इथे हितकिद बेळे म्हणतात. तासभर ते केलं की बोटांची टोकं पांढरी पडतात, सुरकुततात, आणि त्यांना काही कळेनासं होतं.

मागच्या आठवड्यात मी हेच करत बसले होते आणि अनिकेत फोनमध्ये काहीतरी वाचत होता. एकदम म्हणाला, "अज्जी, तू जन्मलीस ना, तेव्हा आपल्या देशात ॲव्हरेज लाइफ चाळीसपेक्षा कमी होतं. म्हणजे तू डबलपेक्षा जास्त जगलीस." त्याच्या डोळ्यांसमोर काय आलं असेल ते मला दिसलं. पस्तिशीला केस पिकलेली, काठी टेकत चालणारी, चाळिशीच्या उंबऱ्यावर मुकाट्याने आडवी होणारी माणसं. सगळ्यांनाच असं वाटतं. मी त्याला म्हटलं, समज, एका घरात दोन माणसं. एक म्हातारी ऐंशी वर्षं जगली आणि एक बाळ जन्मलं त्याच दिवशी गेलं. सरासरी काढ. तो म्हणाला, चाळीस. मी म्हटलं, मग त्या घरात चाळिसाव्या वर्षी कोण मेलं? तो "ओह," म्हणाला, आणि परत फोनमध्ये गेला.

तीस वर्षं मी हेच काम केलं. ओहपेक्षा जास्त कुणी कधी काही म्हणालेलं नाही.

पन्नासचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी नोकरीला लागले. कब्बन पार्कच्या पलीकडे एका दगडी इमारतीत आमची सरकारी कचेरी होती. राज्यातल्या जन्ममृत्यूंचे तक्ते करायचे हे तिचं काम. आमच्या हुद्द्याचं नाव होतं काँप्युटर. हे ऐकून अनिकेतचे मित्र हसून लोळतात, कारण ते सगळे काँप्युटरवरच पोट भरतात. आम्ही सहाजण काँप्युटर होतो, त्यांत मी एकटी बाई. टेबलावर लोखंडी यंत्र, त्याला दांडा. आकडे लावायचे आणि दांडा फिरवायचा. गणितात पदवी घेतलेली सून नोकरी करते ह्याचं आमच्या गल्लीत नवल होतं. पण यंत्राचा दांडा फिरवायला जाते म्हटल्यावर ते जात्यावर बसण्यासारखंच काहीतरी असणार अशी बायकांनी समजूत करून घेतली, आणि ती फारशी चुकीची नव्हती.

त्या तक्त्यात पहिली ओळ शून्य वयाची. वर्ष पुरं होण्याआधी गेलेली मुलं त्या ओळीत. मग एक वर्षाची, दोनची, असं खाली खाली जात म्हातारे. सगळा भार त्या पहिल्या ओळीत. म्हाताऱ्यांच्या ओळीत दोनचार इकडे तिकडे झाले तरी सरासरी हलत नाही, पण शून्याच्या ओळीत एक वाढला की खालचं सगळं आयुष्य आखडतं. हे मला कुणी शिकवलं नाही, दांडा फिरवता फिरवता कळलं. शून्याच्या ओळीतले आकडे मोठे असायचे. मी ते वाचायची, लावायची, फिरवायची. त्यातलं एकही बाळ मला कधी दिसलं नाही. दिसू नये अशीच कामाची रीत होती, आणि ती बरी होती.

आमचं घर जुन्या शहरात, बळेपेटेच्या मागच्या गल्लीत होतं. सासरची माणसं तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर घोड्यावरून आली असं सांगत. मी आले ती मीटरगेजने. त्यांची मराठी ऐकून पहिला महिनाभर मला वाटायचं की ही मंडळी माझी चेष्टा करताहेत. सासूबाईंना सगळे आक्का म्हणत, त्यांचा मुलगासुद्धा, म्हणून मीही म्हणू लागले. उंच, हाडकुळी बाई. अक्षरओळख नव्हती. बोलायच्या मोजकं, आणि बोलल्या की त्यावर परत बोलायची सोय नसे. हे, म्हणजे माझे यजमान, शाळामास्तर होते आणि घरात शाळेतल्यापेक्षा निम्म्या आवाजात बोलत.

आमचा पहिला मुलगा अवरेच्या मोसमात झाला. दिवस भरायच्या आधीच, घरीच, सुईणीच्या हातून. हाताएवढा होता. आक्का त्याला कापसात गुंडाळून ठेवायच्या. मला बाळंतिणीचं जेवण, म्हणजे मऊ भात, तूप, मिऱ्याचं सार आणि भाजलेला लसूण. अवरे वातूळ, बाळंतिणीला वर्ज्य. घरात सकाळ-संध्याकाळ अवरेचं सारू, म्हणजे आमटी, शिजत होतं, अख्ख्या गल्लीत शिजत होतं, तो वास माझ्या खोलीत येत होता आणि माझं ताट वेगळं येत होतं. तोंडाला पाणी सुटायचं. मी बाळाला सांगायची, तू मोठा हो, मग बघते ह्यांच्याकडे.

बाराव्या दिवशी बारसं ठरलं होतं. नवव्या दिवशी सकाळी तो गेला.

ह्यांनी आणि शेजारच्या अण्णांनी त्याला नेलं. इतक्या लहान जिवाला जाळत नाहीत, पुरतात. दात यायच्या आत गेलेल्याचं सुतकही धरत नाहीत, नुसती अंघोळ. दोघं परत आले, अंघोळी केल्या, आणि दहाच्या ठोक्याला हे शाळेत गेले. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. खरं म्हणजे मला काहीच वाटलं नाही. भिंतीवर ऊन कुठवर आलंय ते मी बघत होते.

दुपारी आक्कांनी माझं ताट आणलं. भात होता, तूप होतं, आणि अवरेचं सारू होतं. वाटी भरून. मी वाटीकडे बघितलं आणि मग आक्कांकडे. त्या पाण्याचा तांब्या ठेवत होत्या. कुणी काही बोललं नाही, पण मला सांगितलं गेलं होतं. मी आता बाळंतीण नव्हते. घरातल्या चार माणसांसारखी एक होते, चार माणसांचं जेवण मला चालणार होतं. मी जेवले. सारू छान झालं होतं. हे लिहायची मला लाज वाटत नाही. खरंच छान झालं होतं.

दूध मात्र येत राहिलं. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. आक्कांनी कुठून तरी मोगरा मिळवला. तो मोगऱ्याचा हंगाम नव्हता, त्या फुलांसाठी त्या कुठवर चालत गेल्या असतील ते मला आजही माहीत नाही. फुलं छातीवर ठेवून वरून धडपा घट्ट आवळून बांधला, म्हणजे दूध आटतं. चार दिवस मी मोगऱ्याच्या आणि अवरेच्या मिसळलेल्या वासात पडून होते. त्यानंतर मी कधी मोगरा माळला नाही वगैरे काही नाही. माळते. वास येतो, आणि जातो.

रजा अजून शिल्लक होती म्हणून मी घरीच होते. दुपारी आक्का भिजवलेल्या दाण्यांचं पातेलं माझ्यापुढे ठेवायच्या आणि मी दाबत बसायची. दाणा, साल, दाणा, साल. त्या महिन्यात मी किती दाणे सोलले असतील देव जाणे. मोजायची सवय असून मोजले नाहीत. डोकं रिकामं होतं. दुःख झालं असतं तर बरं, असं मला एकदोनदा वाटून गेलं.

अशाच एका दुपारी आमच्याच कचेरीचा शेषण्णा दारात आला. घरोघर फिरून माहिती लिहून आणणाऱ्यांपैकी तो एक. तो कागद आणायचा, आम्ही दांडा फिरवायचो. त्या वर्षी पेटेतल्या गल्ल्या त्याच्या वाट्याला आल्या होत्या. मी आतल्या खोलीत दाराशी दाणे सोलत बसले होते. तो बाहेर कट्ट्यावर बसला, आक्का उंबऱ्याच्या आत. घरात माणसं किती, वयं काय, सगळं लिहून झालं. मग त्याने विचारलं, वर्षभरात घरात कुणाचा जन्म?

नाही, आक्का म्हणाल्या.

कुणाचा मृत्यू?

नाही.

मी रजेवर कशासाठी गेले ते शेषण्णाला ठाऊक होतं. सगळ्या कचेरीला ठाऊक होतं. भला माणूस होता. त्याने पेन्सिल खाली ठेवली आणि आवाज उतरवून म्हणाला, "आक्का, स्वल्प आठवून सांगा. जन्म?"

आक्का लगेच बोलल्या नाहीत. रस्त्यावरून एक हातगाडी गेली, तिचा खडखडाट कोपऱ्यापर्यंत ऐकू आला. माझ्या चिमटीत एक दाणा होता. मग त्या म्हणाल्या, "नाही अप्पा. कुणी नाही."

घरचं माणूस जे सांगेल तेच लिहायचं हा नियम. शेषण्णाने तेच लिहिलं, पाणी प्याला आणि शेजारच्या घरी गेला. मी दाणा दाबला. मनात आलं, ह्या बाईने त्याला पुसून टाकलं. राग आला म्हणावं तर तोही नीट आला नाही.

रजा संपून मी कामावर गेले आणि महिन्याभरात आमच्या गल्लीचे कागद माझ्याच टेबलावर आले. आमच्या घराचा कागद मला लांबूनच ओळखू आला. जन्म नाही, मृत्यू नाही. एखादा कागद विसंगत वाटला तर आम्ही त्यावर तांबड्या पेन्सिलीने खूण करायचो, की तो परत चौकशीला जायचा. तांबडी पेन्सिल माझ्या उजव्या हाताला होती. मी खूण केली नाही. कागद उलटा ठेवला आणि दुसरा घेतला. संध्याकाळपर्यंत सगळी गल्ली झाली, मग शेजारची, मग अख्खी बळेपेट. बेरीज केली, ती बरोबर आली. शून्याच्या ओळीतला आकडा मी आजवर बघितलेल्यांपैकी सगळ्यात लहान होता.

आमचे सुपरिंटेंडेंट हुशार गृहस्थ होते. तो आकडा बघून ते खूश झाले. पेटेतल्या जुन्या वस्तीतली मुलं येलहंका-देवनहळ्ळीकडच्या खेड्यांतल्यापेक्षा जास्त जगतात, तिथली सरासरीही त्यामुळे वर जाते, असं त्यांनी आम्हाला बोलावून सांगितलं. कारणंही त्यांच्याकडे तयार होती. नळाचं पाणी, दवाखाना जवळ, लोक शहाणे. अहवालात तसा एक परिच्छेद घालायचा होता. पाचही काँप्युटरांनी माना डोलावल्या.

मी म्हटलं, सर, ते मोजत नाहीत.

कोण मोजत नाही, त्यांनी विचारलं.

बारशाच्या आत गेलेलं मूल मोजत नाहीत. नाव ठेवलं की मग ते घरातलं माणूस होतं. त्याआधीचं कुणी विचारलं तर सांगत नाहीत. त्यांना ते खोटं वाटत नाही. आपण त्यांचं आयुष्य पहिल्या श्वासापासून मोजतोय, ते बाराव्या दिवसापासून मोजताहेत.

हे तुम्हाला कसं माहीत, असं त्यांनी विचारलं. रागाने नाही, नुसतं.

"आमच्या घरचा कागद त्यात आहे," मी म्हटलं.

शेषण्णा दाराशी उभा होता, तो खाली बघत होता. मला धैर्य वगैरे काही आलं नव्हतं. आवाजसुद्धा कापला नाही. बेरीज चुकत होती, एवढंच.

तो परिच्छेद अहवालात गेला नाही. पुढे एकदोन वर्षांनी प्रश्न बदलले, माझ्या एकटीमुळे नव्हे, इतर ठिकाणांहूनही तशाच तक्रारी आल्या होत्या. घरात कुणाचा जन्म झाला का असं विचारायचं नाही, असं ठरलं. घरातल्या कर्त्या माणसाला विचारायचं नाही, बाईला विचारायचं. पोटी किती आली? जन्मल्यावर एकदा तरी रडलेली, श्वास घेतलेली किती? त्यांतली आज किती आहेत? नसलेली किती दिवसांची होऊन गेली? त्यासाठी बायकाच हव्यात म्हणून दहाबारा मुली घेतल्या आणि त्यांना तयार करायचं काम माझ्याकडे आलं. मी त्यांना सांगायची, घाई करू नका. विचारलंत की गप्प बसा. बाई गप्प बसली तर तुम्हीही गप्प बसा, तिला मध्ये शब्द देऊ नका. उत्तर त्या गप्पपणाच्या पलीकडे असतं. मुली वहीत लिहून घ्यायच्या. हे शहाणपण मी कुठून काढलं हे मला कुणी विचारलं नाही.

मुलींना शिकवण्याआधी नवा कागद एकदा कुणावर तरी करून बघायला हवा होता. साठ साल उलटून गेलं होतं. माझी मुलगी वसुधा दीड वर्षाची झाली होती आणि ओसरीवर झोपली होती. मोसम तोच, दुपार तशीच, पातेल्यात दाणे भिजत होते. मी आक्कांना म्हटलं, कचेरीचं काम आहे, तुम्हाला काही विचारते, सांगाल का? त्या म्हणाल्या, "सरी, विचार."

मी विचारलं, तुमच्या पोटी किती आली?

मला उत्तर माहीत होतं, सगळ्या गल्लीला माहीत होतं. दोन. हे आणि हुबळीला दिलेल्या माझ्या वन्सं. पेन्सिल दोनच्या आकड्याकडे निघालीसुद्धा होती. आक्का मात्र बोलल्या नाहीत. माझाच नियम म्हणून मीही बोलले नाही. त्यांनी पातेल्यातला एक दाणा उचलला, परत ठेवला.

"सहा," म्हणाल्या.

मग त्यांनी एकेक सांगितलं. पहिली मुलगी, पाच दिवस. दुसरा मुलगा, एक रात्र. रडला होता, म्हणून तो धरायचा ना, असं मला विचारलं. मी हो म्हटलं. मग हे. मग एक मुलगी, दहा दिवस, तिचं बारसं परवावर आलं होतं. मग वन्सं. मग शेवटचा, चार दिवस, त्याच्या कपाळावर डाग होता. कुठला महिना, काय पाऊसपाणी होतं, घरात कोण पाहुणे होते, सगळं त्यांना ठाऊक होतं. चाळीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, इतकंच. सांगताना त्यांचा आवाज भाजीचा भाव सांगावा तसा होता. मला तो आवाज ओळखीचा वाटला. सुपरिंटेंडेंटांसमोर माझाही तसाच लागला होता.

मी सगळं लिहिलं. चारजण शून्याच्या ओळीत गेले. ह्या बाईने मला त्या दिवशी अवरेचं सारू का वाढलं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. तिलाही कुणीतरी असंच चार वेळा वाढलं होतं. ह्यापलीकडे काय करायचं असतं हे तिला कुणी दाखवलंच नव्हतं.

कागद घडी घालायला घेतला तेव्हा आक्का म्हणाल्या, "त्या दिवशी तो शेषण्णा आला होता."

मी घडी घालत राहिले.

"त्याने दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी थांबले होते. तू आत होतीस. वाटलं, तुझं आहे, तू बोलशील."

हातगाडीचा खडखडाट जाईपर्यंतचा तेवढा वेळ. मी तो आक्कांचा समजले होते, आणि तो त्यांनी मला दिलेला होता. तीन वर्षं मी मनातल्या मनात त्या बाईला दोष देत तिच्या हातचं जेवत होते. मला बोलायचं होतं, तर दार उघडंच होतं. मी तेव्हा नुसता दाणा दाबला. माझ्या मुलाला आक्कांनी पुसलं नव्हतं, मी पुसलं होतं. हे मला त्या क्षणी अगदी स्वच्छ कळलं आणि तरीही कुठे दुखलं नाही. फक्त बोटं गार पडली.

मी काही बोलत नाही असं बघून आक्कांनी माझ्यापुढचा कोरा कागद उचलला. त्यांना वाचता येत नव्हतं. तरी त्यांनी तो नीट समोर धरला, आणि मी विचारला होता त्याच शब्दांत, त्याच आवाजात मला विचारलं, "तुमच्या पोटी किती आली?"

मग त्या गप्प बसल्या. ओसरीवर वसुधा कुशीवर वळली. आक्का माझ्याकडे बघत होत्या आणि ह्या वेळी त्या माझ्यासाठी उत्तर देणार नव्हत्या.

"दोन," मी म्हटलं.

आक्कांनी कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "लिही."